बेस गिटारचा सेटअप: आकड्यांमागचा इतिहास आणि नागपूरची हवा

नागपुरात बेस गिटार गणेशोत्सवातल्या वाद्यवृंदांत वाजते, 14 एप्रिलच्या भीमगीतांच्या कार्यक्रमांत वाजते, सदर या वस्तीतल्या चर्चमध्ये आणि कॉलेजच्या बँडमध्येही वाजते. वाजवणाऱ्यांपैकी अनेकांना सेटअपचे, म्हणजे वाद्याच्या जुळवणीचे, आकडे तोंडपाठ असतात: नेकचा (तारांखालच्या लांब दांड्याचा) बाक 0.3 मिमी, सतराव्या फ्रेटवर (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर) जाड तारेची उंची 2.4 मिमी, बारीक तारेची 2 मिमी. हे आकडे अमेरिकी कारखान्यांच्या तक्त्यांतून आले. त्या त्या वेळच्या एखाद्या अडचणीवर शोधलेला तोडगा त्यांच्यामागे आहे. ती अडचण माहीत असेल तर आकडा कधी पाळायचा आणि कधी सोडायचा हे कळते. मे महिन्यात 45 अंशांच्या पुढे जाणाऱ्या गावात हे कळणे फार गरजेचे आहे.

विजेच्या बेसआधी खालचे सूर उभ्या डबल बेसकडे होते. माणसाएवढे धूड, तारेची लांबी साधारण 42 इंच, प्रवासात सांभाळणे कठीण, आणि ब्रासची (ट्रम्पेट वगैरे वाजवणारी) मंडळी जोरात आली की ऐकूही न येणारे. सिॲटलच्या पॉल टटमार्कने 1930च्या दशकात ऑडिओव्हॉक्स 736 ही भरीव लाकडाची, फ्रेटवाली, आडवी धरायची बेस बनवली, पण ती फारशी पसरली नाही. 1951 साली कॅलिफोर्नियातल्या लिओ फेंडरने प्रिसिजन बेस आणला आणि पुढच्या सगळ्या मोजमापांचा पाया तिथे घातला गेला. तारेची लांबी 34 इंच, म्हणजे 864 मिमी. सूर तोच ठेवला तर ताण लांबीच्या वर्गाच्या पटीत वाढतो. म्हणून 30 इंचांवर तीच तार लिबलिबीत लागते आणि 34 इंचांवर 0.105 इंची मोकळी ई, म्हणजे 41.2 हर्ट्झ, साधारण 18 किलोंच्या ताणावर नीट उभी राहते. चारही तारांचा मिळून ताण 80 किलोंच्या घरात जातो. तो पेलायला नेकच्या आत लोखंडी ट्रस रॉड (बाक कमी-जास्त करायची सळई) हवा. ही युक्ती गिब्सन या गिटार कंपनीच्या थॅडियस मॅकह्यूची, 1920च्या दशकातली. फेंडरने ती मेपलच्या नेकमध्ये मागच्या बाजूने बसवली आणि पिळायचा नट टाचेकडे, म्हणजे नेक अंगाला जोडलेली असते त्या टोकाकडे ठेवला. जुन्या धर्तीच्या बेसवर रॉड फिरवायला आजही नेकचे स्क्रू सैल करावे लागतात, ते यामुळे.

त्या पहिल्या बेसच्या ब्रिजवर (तारा अंगाला जिथे अडकवतात तिथे) चार तारांना मिळून दोनच सॅडल, म्हणजे तार टेकण्याच्या सरकत्या घोड्या, होते. ई आणि ए या जाड तारा एका सॅडलवर, डी आणि जी या बारीक तारा दुसऱ्यावर. जाड तार ताठ असते आणि दाबल्यावर बारीक तारेपेक्षा जास्त चढते, म्हणून तिची लांबी थोडी अधिक ठेवावी लागते. दोन तारांना एकच सॅडल म्हटल्यावर एकीचे बरोबर करताना दुसरीचे बिघडणारच. 1957 साली प्रत्येक तारेला स्वतंत्र सॅडल मिळाले आणि आज ज्याला आपण इंटोनेशन म्हणतो ते, म्हणजे तार वरच्या फ्रेटवरही सुरात आणणे, खऱ्या अर्थाने करता येऊ लागले. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तारेला नुसता स्पर्श करून काढलेला सूर) आणि त्याच फ्रेटवर दाबलेला सूर ट्यूनरवर ताडून पाहायचा. दाबलेला सूर चढा असेल तर सॅडल मागे, उतरा असेल तर पुढे. हे नव्या तारांवरच करावे. जुन्या तारेत घाम आणि मळ असमान साचलेला असतो, ती बाराव्या फ्रेटवर खरी बोलतच नाही आणि सॅडल कितीही सरकवले तरी समाधान होत नाही.

1957चाच दुसरा बदल पिकअपचा, म्हणजे तारेचे कंपन विजेच्या संकेतात बदलणाऱ्या चुंबकी भागाचा, आणि तो जास्त मोलाचा. 1951च्या पिकअपमध्ये एकच कॉइल (बारीक तांब्याच्या तारेचे वेटोळे) होती आणि प्रत्येक तारेखाली एकच चुंबकी खांब. दोन तोटे झाले. तार नेमकी खांबावर असल्यामुळे छेडताना पहिला ठोका टोकदार यायचा. शिवाय एकेरी कॉइल ही आयती ॲन्टेना असते, विजेच्या तारांची गुणगुण ती उचलते. नव्या पिकअपमध्ये कॉइलचे दोन तुकडे केले, ई-ए साठी एक आणि डी-जी साठी एक. प्रत्येक तारेच्या दोन्ही अंगांना एकेक खांब आला, म्हणजे चार तारांना आठ खांब. दोन तुकड्यांची चुंबकी दिशा उलटी आणि गुंडाळणीही उलटी. त्यामुळे तारेचा आवाज बेरजेत येतो आणि बाहेरची गुणगुण वजाबाकीत जाते. गिब्सनच्या सेथ लव्हरने याच सुमारास हे तत्त्व दोन शेजारच्या कॉइलींत वापरले होते. फेंडरने ते तारांच्या जोड्यांत वाटले. अशा पिकअपचा रोध साधारण 10 ते 11 किलोओहम असतो. मल्टिमीटरवर निम्माच दिसला तर एखादी कॉइल शॉर्ट झाली आहे, आणि मीटर अनंत दाखवू लागला तर एखादी कॉइल तुटली आहे किंवा दोघींमधला सांधा सुटला आहे असे समजावे.

गुणगुणीचा हा प्रश्न भारतात अमेरिकेपेक्षा अधिक बोचतो. तिथली वीज 60 हर्ट्झची, आपली 50 हर्ट्झची. ई तारेवर तिसऱ्या फ्रेटचा जी 49 हर्ट्झला असतो आणि मोकळी जी तार 98 हर्ट्झला. विजेची मूळ गुणगुण 50 वर आणि तिची दुप्पट 100 वर. म्हणजे जी सुरातल्या गाण्यात ही गुणगुण तुमच्या षड्जाला किंचित चढी राहून चिकटते, आणि लांबवलेल्या सुरात थरथर ऐकू येते. नागपुरी उन्हाळ्यात भर पडते ती डेझर्ट कूलरची. त्याची मोटर आणि पाण्याचा पंप दोन्ही चुंबकी क्षेत्र फेकतात. कूलरसमोर बसून एकेरी कॉइलची बेस वाजवली तर आवाज येणारच, गिटारमध्ये दोष नसला तरी.

गुणगुण कोणती हे ओळखायची सोपी चाचणी आहे. तारांना हात न लावता गिटार धरून जागेवरच हळूहळू फिरावे. दिशेनुसार आवाज कमी-जास्त झाला तर ते चुंबकी क्षेत्र. तांब्याच्या पट्टीने केलेल्या शील्डिंगचा (आवरणाचा) त्यावर काही उपयोग नाही. लांब सरकावे, कूलर बंद करावा, किंवा गुणगुण मारणारा पिकअप लावावा. दिशा बदलूनही फरक पडत नसेल आणि तारांना हात लावताच आवाज कमी होत असेल, तर तो ट्यूबलाइट, पंख्याचा रेग्युलेटर अशा ठिकाणाहून येणारा विद्युत गोंगाट. तिथे गिटारमधल्या सर्किटच्या पोकळीला आतून तांब्याची पट्टी लावून ती ग्राउंडला जोडली की फरक पडतो. पट्टीचा गोंद वीजवाहक नसेल तर प्रत्येक सांध्यावर सोल्डरचा ठिपका द्यावा, नाहीतर पट्टी नुसतीच चिकटलेली राहते. आणि तारांना हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर वादन लगेच थांबवावे. मांडवात जनरेटरवर अर्थिंग नसते तेव्हा असे होते, आणि माइकला ओठ लागला तर त्याच वाटेने धक्का बसतो. हे जिवावर बेतू शकते.

1960 साली जॅझ बेस आला. दोन एकेरी कॉइली, नटपाशी (डोक्याकडच्या टोकाला तारा ज्या खाचांतून जातात त्या पट्टीपाशी) दीड इंचाची, म्हणजे 38 मिमीची निमुळती नेक. दोन्ही पिकअप पूर्ण उघडे असले की गुणगुण कापली जाते, एक जरा कमी केला की परत येते. अनेक जण इथे नाहक पिकअप बदलतात. तोडगा हवाच असेल तर एकावर एक रचलेल्या दोन कॉइलींचा, जॅझच्याच आकाराचा पिकअप बसवता येतो. वरची थोडी चकाकी जाते, पण मांडवातल्या विजेवर तो सौदा वाईट नाही.

तारांचा इतिहास वेगळ्याच लयीत चालला. सुरुवातीच्या तारा फ्लॅटवाउंड, म्हणजे चपट्या पट्टीच्या गुंडाळणीच्या, गुळगुळीत. डबल बेससारखा गोल, लवकर विझणारा आवाज. शिवाय ब्रिजच्या झाकणाखाली फोमचा तुकडा असे, तो सूर आणखी आखूड करी. मोटाउन या अमेरिकी रेकॉर्ड कंपनीच्या बेसवादक जेम्स जेमर्सनचा सूर याच जातीच्या जाड तारांचा, आणि तो त्या सहसा बदलत नसे. 1966 मध्ये इंग्लंडमध्ये जेम्स हाऊ यांच्या रोटोसाउंडने ‘द हू’ बँडचा बेसवादक जॉन एन्टविसलच्या मदतीने गोल तारेच्या गुंडाळणीची बेस तार घडवली. तिच्यात पियानोसारखी झळाळी होती. त्यातून आजची सगळी राउंडवाउंड पिढी निघाली: आत बहुधा षट्कोनी पोलादी गाभा, वर बहुतेक वेळा निकेलचा मुलामा दिलेले पोलाद किंवा स्टेनलेस स्टील.

झळाळीची किंमतही आली. गोल गुंडाळणी फ्रेट कानशीसारखी घासते, स्टेनलेस तर जास्तच. फ्रेटलेस, म्हणजे फ्रेट नसलेल्या बेसवर ती बोटांखालच्या लाकडी बोर्डात चर पाडते. फ्रेटलेसचा गाजलेला वादक जॅको पास्टोरियसने त्यासाठी बोर्डावर नावेला लावतात तो इपॉक्सीचा थर चढवला. त्या कडक पृष्ठभागावर तार चाटत गेल्यावर येणारा गुंजता सूर तंबोऱ्याच्या जवारीचा सख्खा भाऊ आहे. मिरजेचे कारागीर घोडीवर घासून जे साधतात, ते इथे बोट आणि बोर्ड मिळून साधतात.

तारेचा संच निवडताना ताण पाहावा. 45-65-85-105 (जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत) हा आजचा सर्वसाधारण राउंडवाउंड संच. 52 ते 110 चा जुन्या धाटणीचा फ्लॅट संच चढवला की नेकवर ओढ वाढते, बाक वाढतो आणि नटच्या खाचा अरुंद पडतात. खाच न रुंदावता जाड तार दाबून बसवली तर सूर लावताना ती अडकते आणि टक्कन उडी मारते. तार चढवताना ट्यूनिंगच्या खुंटीपासून पुढे सुमारे दोन खुंट्यांइतकी लांबी ठेवावी, आधी काटकोनात मोडावी, मग कापावी. न मोडता कापली तर गुंडाळणी गाभ्यावर सैल होते आणि ती तार जन्मभर मंद वाजते. सूर लागल्यावर सॅडलच्या अगदी पुढे तार अंगठ्याने हलकीच दाबावी, म्हणजे तिथली कमान जाऊन सूर स्थिर होतो.

1970च्या दशकात आणखी एक अडचण सुटली. साध्या पिकअपचा रोध मोठा असतो, आणि लांब केबलची विद्युत धारकता त्याचे वरचे सूर गिळते. कॅलिफोर्नियाच्या अलेम्बिकने गिटारच्या आतच प्रीॲम्प (संकेत बळकट करणारे सर्किट) बसवायला सुरुवात केली. 1976 च्या म्युझिक मॅन स्टिंगरेने तो नेहमीच्या उत्पादनात आणला. तेव्हापासून 9 व्होल्टची बॅटरी बेसच्या पोटात आली. जॅक घातला की सर्किट सुरू होते, म्हणून केबल लावून ठेवली तर वाजवत नसतानाही बॅटरी खर्ची पडत राहते. बॅटरी उतरू लागली की जोरात छेडलेल्या ई तारेचा आवाज आधी फाटू लागतो, आणि लोक स्पीकरला दोष देत बसतात. याच दशकात खालच्या बी तारेच्या पाच आणि सहा तारांच्या बेस आल्या. खालच्या बीचा सूर 30.9 हर्ट्झचा. 34 इंचांवर तिला 0.130 ची तार लागते आणि तरीही ती बाकीच्यांपेक्षा सैल भासते, म्हणून 35 इंची नेक निघाल्या.

आता सेटअप. क्रम महत्त्वाचा: तारा, नेकचा बाक, नट, उंची, इंटोनेशन, शेवटी पिकअप. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीवर उभी आहे. बाक मोजायला पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चाप) लावावा, शेवटचा फ्रेट दाबावा आणि सातव्या-आठव्या फ्रेटवर तार व फ्रेटमधली फट फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांच्या मापकाने) पाहावी. हे गेज मोटार दुरुस्तीच्या हत्यारांच्या दुकानात मिळते. 9.5 ते 12 इंची गोलाईच्या (त्रिज्येच्या) बोर्डाला 0.3 मिमी, जुन्या 7.25 इंचीला 0.35. रॉड एका वेळी पाव फेरा, मग पुन्हा सूर लावून मोजणी. जोर लागत असेल तर थांबावे. रॉड तुटला तर नेकच गेली. नटची खाच तपासायला तिसरा फ्रेट दाबून पहिल्या फ्रेटवर पाहावे. कागदाएवढी फट दिसली की ठीक. फट मोठी असेल तर पहिल्या दोन-तीन फ्रेटवरचे सूर चढे लागतात, आणि ते ब्रिजवर कितीही खेळून सुटत नाही.

नागपुरात यातली बाकाची पायरी वर्षातून एकदा करून भागत नाही. नवतपाच्या, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या दिवसांत दुपारची आर्द्रता 20 टक्क्यांच्या आसपास येते, आणि लाकडी वाद्याला 45 ते 55 मानवते. बोर्ड आडवा आक्रसतो, धातूचे फ्रेट आक्रसत नाहीत, म्हणून त्यांची टोके कडेला हाताला लागू लागतात. लगेच कानस चालवू नये. पावसाळ्यात लाकूड पुन्हा फुगते. बहुतेक नेकचा बाक कोरड्या हवेत घटतो आणि पहिल्या पाच फ्रेटवर तार खडखडते. दमट हवेत तो वाढतो, मधल्या फ्रेटवर उंची जाणवते. प्रत्येक लाकूड सारखे वागत नाही, म्हणून मोजल्याशिवाय रॉडला हात लावू नये. कूलरची खोली हा वेगळाच मामला. बाहेर रखरखीत, आत पाण्याने भिजलेली हवा, आणि कूलर बंद झाला की तासाभरात पुन्हा कोरडे. भिंतीवर टांगलेली बेस रोज दोन ऋतू भोगते. अशा घरात गिटार केसमध्ये, कूलरच्या झोताबाहेर ठेवावी, आणि उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत कधीच नको. मोजणी जून सुरू होताना एकदा, पाऊस ओसरल्यावर एकदा आणि एप्रिलमध्ये एकदा करावी. 1970च्या दशकाच्या उत्तरार्धात मॉड्युलसने ग्राफाइटच्या नेक बनवल्या, त्यांना हवेच्या या खोड्या फारशा जाणवत नाहीत. पूर्ण ग्राफाइट महाग, पण लाकडी नेकमध्ये ग्राफाइटच्या दोन पट्ट्या असलेली बेस मिळत असेल तर विदर्भात ती घेण्यात शहाणपण आहे.

पिकअपची उंची सगळ्यात शेवटी. शेवटचा फ्रेट दाबून तार आणि खांब यांतले अंतर मोजावे: प्रिसिजनवर जाड बाजूला 2.8 मिमी, बारीक बाजूला 2, जॅझवर 3.2 आणि 2.4. आवाज वाढावा म्हणून पिकअप याहून वर चढवला तर अल्निकोचे (चुंबकी मिश्रधातूचे) खांब तारेला ओढतात. वरच्या फ्रेटवर एका सुरात दोन सूर मिसळल्यासारखे ऐकू येते, नाद लवकर तुटतो, ट्यूनरचा काटा स्थिरावत नाही, आणि माणूस पुन्हा सॅडल सरकवू लागतो. अशा वेळी इंटोनेशनला हात लावण्याआधी पिकअप दोन फेरे खाली घेऊन पाहावा.