"सेटिंग कोनं बदलवली?" : गेममधल्या बटनांच्या जागांची पार्श्वभूमी

आमच्या दारव्हा तालुक्यात मे महिन्यात दुपारी बारानंतर वावरात कोणी नसतं. पोट्टे समाजमंदिराच्या ओट्यावर सावली सरकेल तसे सरकत मोबाइलवर बीजीएमआय हा गोळीबाराचा गेम खेळत बसतात. घामाने अंगठा काचेवरून घसरतो, म्हणून एखाद्याच्या खिशात टाल्कम पावडरची पुडी असते. या ओट्यावर रोज ऐकू येणारं वाक्य एकच, "काऊन बे, सेटिंग कोनं बदलवली?" धाकट्या भावाने गोळी झाडायचं बटन डावीकडे नेलेलं असतं, मोठा ऐन मोक्याला उजवीकडे बोट मारतो आणि तिथे काहीच नसतं. मग भांडण. त्यात दोन पक्ष ठरलेले. एक म्हणतो, कंपनीने विचार करूनच बटनं ठेवली, त्याला हात लावू नये. दुसरा म्हणतो, हात माया, बटनंही मायी.

हे भांडण आमच्या ओट्यावर जन्मलेलं नाही. ते साठ वर्षांहून जुनं आहे. त्याचा मागोवा घेताना मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसत गेली: आज ज्याला आपण कंपनीची मूळ सेटिंग म्हणतो, ती बऱ्याचदा आधी कोणातरी खेळणाऱ्याने आपल्या सोयीने केलेली फेरफार होती.

1962 साली अमेरिकेतल्या एमआयटी संस्थेत पीडीपी-1 या संगणकावर काही तरुणांनी 'स्पेसवॉर' हा दोघांचा गेम तयार केला. संगणकाच्या दर्शनी पट्टीवर तपासणीसाठी लहान खटक्यांची रांग होती. त्याच खटक्यांनी यानं फिरवायची आणि त्यांनीच गोळे सोडायचे. पडदा एका अंगाला, खटके दुसऱ्या अंगाला. खेळणाऱ्यांचे कोपर भरून यायचे, आणि दोघांपैकी एकाला पडदा जास्त नीट दिसायचा. शेवटी अॅलन कोटोक आणि बॉब साँडर्स यांनी तिथल्या मॉडेल रेल्वे क्लबातले सुटे भाग जमवून हातात धरायच्या दोन वेगळ्या पेट्या बनवल्या. कोपर दुखले म्हणून बटनं हलली, इतकी साधी ही सुरुवात आहे.

पुढची पंधरा-वीस वर्षं मात्र सेटिंग म्हणजे लाकूड, प्लास्टिक आणि तार. जे जिथे बसवलं ते तिथेच. 1977 च्या अटारी 2600 या घरगुती गेमयंत्राच्या जॉयस्टिकवर एकच लाल बटन होतं, वरच्या डाव्या कोपऱ्यात. डाव्या हातात ठोकळा, अंगठा बटनावर, उजव्या हाताने दांडी. डावखुऱ्याने तो ठोकळा फिरवून धरला तर 'वर'ची दिशा आडवी व्हायची. 1982 मध्ये निन्टेंडो या जपानी कंपनीच्या गुनपेई योकोई यांनी हातात मावणाऱ्या एका गेमसाठी अधिकच्या चिन्हासारखं दिशेचं बटन काढलं आणि ते डाव्या अंगठ्याखाली ठेवलं. 1983 च्या फॅमिकॉम या निन्टेंडोच्या टीव्हीला जोडायच्या यंत्राने तीच मांडणी घेतली: दिशा डावीकडे, ए आणि बी उजवीकडे. आज मोबाइलच्या काचेवर डावीकडे जो गोल दिसतो त्याची वंशावळ इथपर्यंत जाते.

आमच्या गावात हे सगळं पोचलं ते फॅमिकॉमच्या नकलांमधून. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस दिवाळीच्या सुट्टीत यवतमाळहून कोणाचा तरी मामा टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम घेऊन यायचा. काडतुसाला आम्ही कॅसेट म्हणायचो आणि गेमपॅडला रिमोट. रिमोट दोन आणि पोट्टे बारा. मारिओ मेला की रिमोट पुढच्याच्या हाती. त्या यंत्रात बटनं बदलायची सोय नव्हती, आणि असती तरी चालली नसती. रिमोट हाती आला की क्षणाचाही विचार न करता ए म्हणजे उडी हे ठाऊक असायला हवं होतं, नाहीतर पाळी वाया. मूळ सेटिंगची बाजू मी हलकी मानत नाही ती याचमुळे. वस्तू सामाईक असते तेव्हा सगळ्यांना ठाऊक असलेली मांडणी हीच सोय असते. बैलजोडीचं तसंच आहे. एक बैल डावीकडे जुंपायचा, एक उजवीकडे, हे ठरलेलं असतं आणि बैलांनाही ते ठाऊक असतं. उसनी जोडी नेणारा माणूस पहिल्यांदा हेच विचारून घेतो. बाजू बदलून जुंपले तर डवरा सरळ चालत नाही आणि पिकाची ओळ कापली जाते.

खरा बदल संगणकाने आणला. 1993 च्या 'डूम' या बंदुकीच्या गेमसोबत एक वेगळा सेटअप प्रोग्रॅम येत असे. त्यात कोणत्या कळीने चालायचं, कोणत्या कळीने दार उघडायचं हे ठरवता यायचं. केलेले बदल ज्या फाइलीत साठवले जायचे तिचं नाव होतं 'डिफॉल्ट.सीएफजी'. डिफॉल्ट म्हणजे मूळ सेटिंग. म्हणजे तुम्ही जे बदललं तेच तुमचं मूळ. मला हे नाव फार आवडतं, कारण ते खरं आहे.

डूममध्ये चालायला बाणाच्या कळा होत्या. 1996 च्या 'क्वेक'मध्येही मूळ सेटिंग बाणांचीच, आणि माउसने वर-खाली पाहणं सुरुवातीला बंद असायचं. ते आज्ञा लिहून चालू करावं लागे. पण बाण कळफलकाच्या उजव्या टोकाला असतात आणि माउसही उजव्याच हातात, त्यामुळे दोन्ही हात एकमेकांना खेटून बसतात. खेळणारे एकेक करून डावा हात अक्षरांवर नेऊ लागले. कोणी कुठल्या कळा घ्यायच्या यात अजिबात एकमत नव्हतं. डेनिस फाँग हा 'थ्रेश' या टोपणनावाने खेळणारा पोरगा चालायला डब्ल्यू-ए-एस-डी या चार कळा वापरायचा. ही मांडणी त्यानेच पहिल्यांदा काढली असं नाही, पण 1997 मध्ये त्याने क्वेकची मोठी स्पर्धा जिंकली आणि गेम बनवणाऱ्या जॉन कार्मॅक यांची स्वतःची फेरारी गाडी बक्षीस म्हणून घरी नेली. त्यानंतर त्याची सेटिंग लोक मागून मागून घेऊ लागले. 1998 च्या 'हाफ-लाइफ'ने याच चार कळा मूळ सेटिंग म्हणून दिल्या. खेळणाऱ्यांची खाजगी सोय कंपनीचा नियम झाली, ती अशी.

आणि हा नियमही सगळ्या जगाचा नाही. फ्रान्समधल्या कळफलकावर ए आणि क्यू, झेड आणि डब्ल्यू यांची अदलाबदल असते. तिथे त्याच चार जागांवर झेड-क्यू-एस-डी येतं. बदलायची सोय नसेल तर फ्रेंच पोराची बोटं वेडीवाकडी होतात.

आमच्या बाजूला संगणक पोचला तो तालुक्याच्या सायबर कॅफेतून. तासाला पैसे मोजून काउंटर-स्ट्राइक खेळायचो. तिथेही 'बाइंड' लिहून हवी ती कळ हव्या त्या कामाला बांधता यायची. पण कॅफेवाल्याने संगणकात असं सॉफ्टवेअर टाकलेलं होतं की बंद करून चालू केला की सगळं जसंच्या तसं. व्हायरससाठी ते योग्यच होतं. मात्र ते दिवस भारनियमनाचे. लाइन जायची, यायची, आणि अर्धा तास खपून लावलेली सेटिंग पुसलेली असायची. मोठी पोरं आपली फाइल पेनड्राइव्हमध्ये घेऊन यायची. पेनड्राइव्ह नसलेल्याने मूळ सेटिंगवरच हात बसवायचा. पुढे लोक त्याला आवड म्हणायचे. माझी ती आवड नव्हती, माझ्याकडे पेनड्राइव्ह नव्हता.

गेमच्या यंत्रांवर, म्हणजे कन्सोलवर, हा प्रवास सावकाश झाला. काही गोष्टी मात्र सांगायलाच हव्यात. 2000 साली प्लेस्टेशनवर आलेल्या 'एलियन रिसरेक्शन'मध्ये डाव्या दांडीने चालायचं आणि उजव्या दांडीने पाहायचं अशी मांडणी होती. त्या वेळच्या एका परीक्षणात तिच्यावर कडक टीका झाली. आज बंदुकीच्या जवळजवळ प्रत्येक गेमची मूळ सेटिंग तीच आहे. 2001 च्या 'हेलो'ने वेगळीच युक्ती केली. काहींना दांडी मागे ओढली की नजर वर जावीशी वाटते, विमानात असते तशी, काहींना उलट. हेलोने हे मेनूत विचारलं नाही. सुरुवातीच्या प्रसंगात एक तंत्रज्ञ खेळाडूला वर बघायला सांगतो आणि तो दांडी कुठे ढकलतो त्यावरून सेटिंग ठरते. माणसाला न विचारता त्याचा हात पाहायचा! यापेक्षा चांगली मूळ सेटिंग मला माहीत नाही.

प्लेस्टेशनवरच्या गोल आणि फुलीची गोष्टही अशीच. जपानमध्ये गोल म्हणजे बरोबर, फुली म्हणजे चूक. म्हणून तिथे गोलाने 'हो' म्हणायचं. अमेरिकेत उलट रूढ झालं, फुलीने 'हो'. आपल्या शाळेत मास्तर चुकीच्या गणितावर फुली मारतात, तरी आपल्याला मिळाली ती अमेरिकेची रीत. 2020 च्या प्लेस्टेशन 5 पासून जपानमध्येही फुलीच 'हो' झाली.

मोबाइलवर हे सगळं घाईत घडलं. सप्टेंबर 2016 मध्ये जिओ सुरू झालं, मार्च 2018 मध्ये पबजी मोबाइल आला (बीजीएमआय ही त्याचीच भारतातली आवृत्ती) आणि ज्या घरांत कधी संगणक नव्हता तिथली पोरं थेट काचेवर खेळू लागली. काचेला बटनच नसतं, नुसतं चित्र असतं. ते कुठेही सरकवता येतं, लहान-मोठं करता येतं. मूळ सेटिंग दोन अंगठ्यांसाठी आहे. एकाच अंगठ्याने बघायचंही आणि गोळीही झाडायची, म्हणून पोरांनी तर्जनी वर आणून तीन बोटांची, चार बोटांची पकड बसवली. गोळीचं बटन डाव्या वरच्या कोपऱ्यात गेलं. कोणी जायरो लावला, म्हणजे मोबाइल हलवून नेम धरायचा. आणि मग सुरू झाली 'कोड'ची देवाणघेवाण: नामांकित खेळाडूचा कोड टाकला की त्याची मांडणी आपल्या मोबाइलवर.

इथे मला पोरांना कळकळीने सांगावंसं वाटतं. तो कोड म्हणजे दुसऱ्याची मूळ सेटिंगच आहे. तो खेळाडू आयपॅडवर खेळतो, तुझा मोबाइल सहा इंची. त्याचा जायरो चालतो, तुझ्या स्वस्त मोबाइलमध्ये तो सेन्सरच नसेल. बदलायचं तर एका वेळी एक बटन बदलव, आठवडाभर त्यावर खेळ, मग दुसरं. बोटांना सवय लागायला दिवस लागतात, आणि रोज बदलणाऱ्याला कोणतीच मांडणी साधत नाही.

या इतिहासाचा एक पदर फार काळ मागे पडला होता. 1989 मध्ये निन्टेंडोने हात न वापरता खेळायचं एक उपकरण काढलं होतं. ते छातीवर बसवायचं, हनुवटीने दिशा द्यायची आणि नळीतून श्वास ओढून किंवा फुंकून बटनं दाबायची. त्यानंतर मोठ्या कंपन्यांनी हा विषय कित्येक वर्षं फारसा हाती घेतला नाही. 2015 मध्ये प्लेस्टेशन 4 वर सगळ्या गेमसाठी बटनं बदलायची सोय आली, 2018 मध्ये मायक्रोसॉफ्टचा अपंग खेळाडूंसाठीचा अॅडॅप्टिव्ह कंट्रोलर, 2020 मध्ये निन्टेंडो स्विचवर बटनं बदलणं. 2020 च्याच 'द लास्ट ऑफ अस पार्ट 2' या गेममध्ये अपंग खेळाडूंसाठी साठाहून अधिक सोयी होत्या.

माझ्या दृष्टीने हा पदर सगळ्यात मोठा आहे, त्याचं कारण आमच्या ओट्यावरच बसतं. सोयाबीनच्या हंगामात थ्रेशरमध्ये एका पोराच्या डाव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी गेली. वर्षभर तो ओट्यावर येऊन नुसता पाहायचा. मूळ सेटिंगमध्ये चालायचा गोल डाव्या अंगठ्याखाली असतो, आणि त्याला तो अंगठाच नाही. मग एका दुपारी त्याने मोबाइल स्टुलावर आडवा टेकवला, गोल मोठा करून मधल्या बोटाखाली येईल इतका वर सरकवला आणि गोळी, उडी, वाकणं, सगळं उजव्या हाताकडे आणलं. पहिल्या दिवशी दहा मिनिटांत मेला. महिन्याभराने पोट्टे त्याला आपल्या गटात ओढू लागले.

मोबाइल घरात एकच, धाकट्या भावाचाही तोच. पण गेममध्ये तीन मांडण्या साठवता येतात. धाकटा पहिलीवर खेळतो, हा दुसरीवर. आपला डाव संपला की धाकटा आधी सेटिंगमध्ये जाऊन दोनवर बोट ठेवतो, मोबाइल स्टुलावर मांडतो आणि म्हणतो, "घे दादा, तुयी लावून देल्ली."