बटण टायर, चिखल आणि ओला डांबरी रस्ता

पहिला पाऊस पडला की सह्याद्रीत गाड्या घेऊन हिंडणाऱ्यांच्या गप्पांत एक वाक्य हमखास येतं: "घाटात पकड हवी ना, मग बटण टायर टाकून घे." थार किंवा जिम्नी नुकतीच घेतलेला माणूस मोठमोठ्या ठोकळ्यांचे मड टेरेन टायर, म्हणजेच हे बटण टायर, बसवून घेतो आणि वर्षातले बहुतेक दिवस त्याच टायरांवर हिंजवडीला कामावर जातो. ठोकळे जितके मोठे आणि खाचा जितक्या खोल तितकी पकड जास्त, असा या सल्ल्यामागचा समज आहे. चिखलात तो खरा आहे. डांबरावर आणि काँक्रीटवर मात्र नेमकं उलटं घडतं. कोरड्या ट्रॅकवर धावणाऱ्या फॉर्म्युला वनच्या टायरवर एकही खाच नसते, ते उगाच नाही.

आधी चिखलाचं बघू, कारण तिथे ठोकळ्यांचं काम सरळ आहे. माती सरकायला किती विरोध करते हे दोन गोष्टींवर ठरतं: कणांचा एकमेकांना चिकटून राहण्याचा गुण आणि कणांमधलं घर्षण. भिजलेल्या काळ्या मातीत घर्षण जवळपास संपतं, चिकटपणा तेवढा उरतो. ठोकळा मातीत रुततो, दोन ठोकळ्यांच्या मधल्या खाचेत मातीचा गठ्ठा अडकतो आणि चाकाला त्या गठ्ठ्याला खालच्या मातीपासून तोडावं लागतं. तोडायला लागणारा जोर हाच गाडीला पुढे नेणारा जोर. पण गठ्ठा खाचेतच घट्ट बसून राहिला, तर दोन-चार फेऱ्यांत टायर गुळगुळीत होतो आणि गाडी रुतते. म्हणून खाच रुंद हवी, म्हणजे चाक फिरताना माती बाहेर फेकली जाते. मड टायरचा सगळा आकार या एका गरजेतून आला आहे.

डांबराचा पृष्ठभाग ठोकळ्याला आत शिरू देत नाही. मग तिथे पकड येते कुठून? टायरच्या विज्ञानात मला सगळ्यात सुंदर वाटणारा भाग इथे सुरू होतो.

शाळेत आपण शिकतो की घर्षण वजनाच्या प्रमाणात असतं, टेकलेल्या क्षेत्रफळाशी त्याचा संबंध नसतो. लाकूड, लोखंड, दगड यांना हा नियम बऱ्यापैकी लागू पडतो. रबर तो पाळत नाही. रबर म्हणजे हजारो कार्बन अणूंच्या लांब, वळवळणाऱ्या साखळ्या, गंधकाने मधूनमधून एकमेकींना बांधलेल्या. गंधकाची ही किमया चार्ल्स गुडइयर यांना १८३९ मध्ये सापडली. या बांधणीमुळे रबरात स्प्रिंगचा आणि मधाचा स्वभाव एकत्र नांदतो: दाबलं तर ते परत उसळतं, पण थोडं रेंगाळून.

पकड त्या रेंगाळण्यातून येते. रस्त्याच्या खडीच्या एका टोकावरून रबर सरकतंय अशी कल्पना करा. टोकाच्या समोरचं रबर दाबलं जातं. टोक ओलांडून गेलेलं रबर लगेच मूळ आकारात येत नाही, त्यामुळे टोकाच्या मागच्या अंगावर त्याचा दाब कमी पडतो. पुढून जास्त दाब, मागून कमी. हा फरक सरकण्याच्या उलट दिशेने टायरला धरतो, आणि त्यात खर्च झालेल्या ऊर्जेची उष्णता होते. खडीच्या प्रत्येक दाण्यावर, दाण्यावरच्या प्रत्येक खरखरीवर हेच घडत असतं. पकडीचा दुसराही एक झरा आहे: रबराचे रेणू दगडाच्या रेणूंना थेट चिकटतात. पण त्यासाठी मधे काही नको. पाण्याचा बारीकसा थर आला तरी ही चिकट तुटते. पहिल्या प्रकाराला रेणूंच्या थेट स्पर्शाची गरज नाही, त्यामुळे भर पावसात मुख्य भरवसा त्याच्यावरच असतो.

आता थोडं खोलात. रबर किती रेंगाळेल हे त्याला किती झपाट्याने दाबलं-सोडलं जातं यावर ठरतं. ब्रेक दाबल्यावर रबर रस्त्यावर सेकंदाला १ मीटर सरकतंय असं धरा. १० मिलिमीटरची खडी त्याला सेकंदाला १०० वेळा दाबते, दाण्यावरची ०.१ मिलिमीटरची खरखर १०,००० वेळा. साखळ्यांच्या हालचालीचा वेग आणि हा दाबण्याचा वेग जुळला की सगळ्यात जास्त ऊर्जा खर्च होते, म्हणजे सगळ्यात जास्त पकड मिळते. रबराच्या घर्षणाचा अभ्यास करणारे के. ए. ग्रॉश यांनी १९६३ मध्ये वेगवेगळी रबरं काचेवर आणि खरखरीत पृष्ठभागावर, वेगवेगळ्या तापमानांना, अगदी संथ वेगाने ओढून पाहिली. आकडे विखुरलेले दिसत होते. तापमानाचा हिशोब करून ते सरकवून मांडले, तर एकाच रबराचे सगळे आकडे एका वक्ररेषेवर येऊन बसले. रबराच्या लेखी वेग वाढवणं आणि तापमान उतरवणं ही एकच गोष्ट आहे. म्हणूनच ओल्या रस्त्यावरची पकड अजमावायला प्रयोगशाळेत रबराचा नमुना ० अंशाच्या आसपास थंड करून सावकाश हलवतात. त्या तापमानाला तो जेवढी ऊर्जा गिळेल, तेवढी पावसातली पकड चांगली. ६० अंशांना मात्र त्याने कमी गिळावी, कारण तिथला खर्च म्हणजे रोज चाक फिरवताना जळणारं इंधन. दोन्ही एकत्र साधणं अवघड होतं. १९९२ च्या सुमारास मिशेलिन या टायर कंपनीने रबराला बळकटी देणाऱ्या काजळीच्या जागी सिलिका, म्हणजे वाळूतलाच पदार्थ, मिसळायला सुरुवात केली आणि रस्त्यावरचे टायर बदलून गेले.

मड टायरच्या रबराला वेगळीच चिंता असते. बेसॉल्टच्या धारदार कडांनी ठोकळे चिरू नयेत, टवके उडू नयेत. त्यासाठी नैसर्गिक रबराचं प्रमाण जास्त ठेवतात. ते चिवट असतं, पण लगेच उसळतं. रेंगाळत नाही, म्हणून ओल्या डांबराला धरतही नाही.

त्यात भर क्षेत्रफळाची. माणसांसकट १८०० किलोची गाडी धरा, एका चाकावर ४५० किलो. ३२ पौंड हवा म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे सव्वादोन किलो. भागाकार केला की टायरचा रस्त्यावर टेकलेला भाग येतो २०० चौरस सेंटिमीटर, साधारण १४ बाय १४. मड टायरमध्ये यातला ४५ टक्के भाग खाचांनी खाल्लेला असू शकतो. प्रत्यक्ष रबर उरलं ११० चौरस सेंटिमीटर. रस्त्याच्या टायरमध्ये ते १४५ च्या आसपास असतं. तेवढंच वजन कमी रबरावर आलं की दाब वाढतो, आणि दाब वाढला की रबराचा घर्षणांक घटतो. शाळेतला नियम मोडतो तो असा, आणि मोडतो तो आपल्या तोट्यात.

शिवाय ठोकळा उंच असतो. रस्त्याच्या नव्या टायरची नक्षी ७-८ मिलिमीटर खोल, मड टायरची १३ ते १५. एका टोकाला धरलेल्या सडपातळ दांड्याची लांबी दुप्पट केली, तर तेवढ्याच जोराने तो आठपट वाकतो. रबराचा ठोकळा एवढा सडपातळ नसल्याने तो इतका वाकत नाही, पण दिशा तीच. ब्रेक दाबल्यावर ठोकळे आधी कलंडतात, त्यांच्या मागच्या कडा उचलल्या जातात आणि टेकलेलं रबर आणखी कमी होतं. वळणावर स्टिअरिंग फिरवल्यापासून गाडी वळेपर्यंत जो ढिलेपणा जाणवतो, तोही यातलाच. आवाजाचं म्हणाल तर ठोकळे ६ सेंटिमीटरवर असतील आणि गाडी ८० च्या वेगाने चालली असेल, तर सेकंदाला ३७० ठोकळे आपटतात. त्याचा सरळ सूर ऐकू येतो. चांगले कारखाने ठोकळ्यांचं अंतर मुद्दाम अनियमित ठेवतात, म्हणजे तो सूर विखुरतो.

एका बाबतीत मात्र मड टायरवर अन्याय करू नये. रस्त्यावर ३ मिलिमीटर पाणी साचलेलं असेल, तर ८० च्या वेगाने जाणाऱ्या २० सेंटिमीटर रुंद टायरला सेकंदाला १३ लिटर पाणी बाजूला सारावं लागतं. ते जमलं नाही की टायर पाण्यावर तरंगतो आणि स्टिअरिंग हलकं पडतं. साचलेल्या पाण्यात रुंद खाचा कामी येतात, मड टायर उशिरा तरंगतो. पण आपल्या घाटांत पाणी उतारावरून वाहून जातं आणि मागे उरतो तो ओलसर, तेलकट रस्ता. तिथे उपसायला पाणी फारसं नसतं, हवं असतं रबर आणि त्यातल्या केसाएवढ्या चिरा. पाण्याचा पातळ थर या चिरांच्या कडा पुसून काढतात. मोठ्या ठोकळ्यांवर त्या मोजक्याच असतात.

म्हणून ज्याचे बहुतेक किलोमीटर डांबरावर जातात, त्याने ऑल टेरेन टायर, म्हणजे रस्त्याचा आणि मड टायर यांच्या मधला प्रकार, घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. त्यातही फरक असतात, तेव्हा दुकानात वाकून बघा. मधल्या पट्ट्यातले ठोकळे एकमेकांना रबराच्या आडव्या पुलांनी जोडलेले हवेत, म्हणजे ते कलंडत नाहीत. ठोकळ्यांवर बारीक चिरा भरपूर हव्यात. खांद्याकडच्या, म्हणजे टायरच्या कडेच्या, खाचा मोकळ्या हव्यात, कारण चिखलात काम करतो तो खांदा. सीमारेषा हवी असेल तर युरोपातला नियम बघा. ११ मिलिमीटर किंवा जास्त खोली, ३५ टक्के किंवा जास्त खाचा आणि कमाल वेगाची खूण क्यू, म्हणजे ताशी १६० किंवा त्याहून कमी, असा टायर तिथे व्यावसायिक ऑफ रोड वर्गात धरतात. रोजच्या वापराचा टायर या रेषेच्या अलीकडचा घ्या. डोंगर आणि हिमकणाची खूण असलेले, म्हणजे बर्फात चालणारे, टायर स्पितीला जाणाऱ्याच्या उपयोगाचे, कोकणात त्या खुणेचे जादा पैसे मोजू नयेत. मूळ टायरपेक्षा व्यास ५ टक्क्यांनी वाढवलात, तर स्पीडोमीटरवर ८० दिसताना गाडी ८४ ने पळत असेल.

नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबं चिरडण्याची प्रथा शहरातल्या शोरूमच्या दारातही जोरात चालते. लिंबाने टायरची पकड बदलत नाही. त्याऐवजी टायरच्या भिंतीवरचे शेवटचे चार आकडे वाचा: २३२४ म्हणजे २०२४ सालचा २३ वा आठवडा. दुकानात वर्षानुवर्षं पडून राहिलेलं रबर कडक होतं, ते नाकारायचा तुम्हाला हक्क आहे. नायट्रोजन भरण्याच्या जाहिरातींनाही भुलू नका. साध्या हवेत तो ७८ टक्के असतोच.

मड टायरवर जादा खर्च होणारे पैसे मी दाबमापकात आणि छोट्या कंप्रेसरमध्ये घालेन. ३२ पौंडांची हवा १८ वर आणली की टेकलेला भाग पावणेदोनपटीच्या जवळ जातो, आणि तो मुख्यतः लांबीत वाढतो. ओल्या मातीत आणि वाळूत यासारखा उपाय नाही. (ही शिफारस कासच्या सड्यावर किंवा कासवांच्या किनाऱ्यावर गाडी घालण्यासाठी अजिबात नाही. तिथे गाडी नेऊच नये.) डांबरी रस्ता लागला की मात्र आधी हवा भरा. नासाच्या वॉल्टर हॉर्न आणि रॉबर्ट ड्रेहर यांनी १९६३ मध्ये मांडलेल्या सूत्रानुसार टायर पाण्यावर तरंगण्याचा वेग हवेच्या दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो: ३२ पौंडांना ताशी ९४ किलोमीटर, १८ ला ७१. सूत्र विमानाच्या टायरांवरून आलेलं आणि पाणी नक्षीपेक्षा खोल असतानाचं आहे, त्यामुळे तुमच्या गाडीचा आकडा वेगळा निघेल. पण मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर घाट सोडला तर मोटारींना १०० ची परवानगी आहे, आणि आडवाटेवरून परतताना हवा भरायचा कंटाळा अनेकजण करतात.

टायर बदलताना स्टेपनी विसरू नका. थारसारख्या गाडीत चारही चाकांना ताकद देताना पुढचा आणि मागचा अॅक्सल घट्ट जोडला जातो, मधे दोघांच्या गतीतला फरक सामावून घेणारं डिफरन्शियल नसतं. एक टायर नवा आणि बाकीचे झिजलेले असतील, तर सरळ रस्त्यावरही दोन्ही अॅक्सलना वेगवेगळ्या गतीने फिरावंसं वाटतं आणि तो ताण गिअरांवर येतो. पाचही टायर एकाच मापाचे, एकाच नक्षीचे घ्या आणि आलटून-पालटून पाचांनाही रस्त्यावर आणा.