भिंतीवर लिहिलेली वजने

बाबेलच्या (बॅबिलॉनच्या) बेलशस्सर राजाने हजार सरदारांना मेजवानी दिली आणि यरुशलेमच्या मंदिरातून लुटून आणलेल्या पात्रांतून त्यांना द्राक्षारस पाजला. तेवढ्यात माणसाच्या हाताची बोटे दिसली आणि समोरच्या भिंतीवर लिहून गेली: मने, मने, तकेल, ऊफारसीन. ही कथा बायबलमधल्या दानीएलाच्या पुस्तकाच्या 5व्या अध्यायात आहे. तिथे दरबारातल्या पंडितांना हे लेखन उलगडत नाही, तेव्हा यहुदी ज्ञानी दानीएल राजाला अर्थ सांगतो: देवाने तुझ्या राज्याचे दिवस मोजले, तुला ताजव्यात तोलले तर तू उणा भरलास, आता राज्य वाटून मेदी आणि पारसी लोकांना दिले आहे.

हे शब्द मुळात बाजारातले आहेत. फ्रेंच संशोधक क्लेर्मों-गानो यांनी 1886 साली दाखवून दिले, की ही वजनांची नावे आहेत. मने म्हणजे मिना, साधारण 500 ग्रॅम. तकेल हे शेकेल या वजनाचे अरामी (त्या काळच्या पश्चिम आशियातल्या एका भाषेतले) रूप. बाबेलमध्ये 60 शेकेलांचा एक मिना होई, म्हणजे शेकेल जेमतेम 8.3 ग्रॅमचा, आपल्या तोळ्याहूनही हलका. पेरेस म्हणजे अर्धा मिना आणि फारसीन हे त्याचे अनेकवचन. सुरुवातीचा 'ऊ' म्हणजे नुसते 'आणि'.

मग दरबारातले पंडित अडले कुठे? अरामीत स्वर लिहीत नसत. 'मनअ', 'तकल', 'परस' एवढी व्यंजने समोर असली, तर नाम वाचायचे की क्रियापद, हे वाचणाऱ्याने ठरवायचे. नाम वाचले तर वजनांची निरर्थक यादी हाती लागते. दानीएल तीच अक्षरे क्रियापदे म्हणून वाचतो: मोजले, तोलले, विभागले. मराठीत 'तोळा' आणि 'तोलणे' एकाच धातूतून आले आहेत, त्यामुळे तकेलवरचा श्लेष आपल्याला लगेच कळावा. परसमध्ये तर आणखी एक अर्थ दडला आहे: पारस देश. आपले 'पारशी' आणि 'फारसी' त्याच नावावरून आले.

त्या काळी बाबेलमध्ये नाणी चालत नव्हती. चांदीचे तुकडे ताजव्यात घालूनच व्यवहार होई, आणि वजने दगडाची किंवा धातूची असत. लबाड व्यापारी घेताना जड आणि देताना हलके वजन काढी. बायबलच्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या 25व्या अध्यायात थैलीत अशी दोन प्रकारची वजने ठेवायला मनाई आहे. 'उणा भरलास' हा निवाडा त्यामुळे कोणत्याही दुकानदाराला कळणारा होता. राजा म्हणजे वजनात न उतरलेली चांदी!

इतिहासाशी ताळा अर्धाच जमतो. 1854 मध्ये ऊर इथे सापडलेल्या मातीच्या नळकांड्यांवर बेल-शर-उसुर (म्हणजे बेलशस्सर) हे नाव नबोनिदस राजाच्या थोरल्या मुलाचे म्हणून येते. दानीएलाचे पुस्तक मात्र त्याचा बाप आधीचा राजा नबुखद्नेस्सर असल्याचे सांगते. नबोनिदस अरबस्तानातल्या तैमा इथे सुमारे 10 वर्षे राहिला, तेव्हा राजधानीचा कारभार या मुलाकडे होता. भिंतीवरचे लेखन वाचणाऱ्याला राज्यात 'तिसरे' स्थान का देऊ केले, दुसरे का नाही, हे त्यावरून उलगडते: पहिला बाप, दुसरा मुलगा स्वतः.

इ.स.पू. 539 च्या ऑक्टोबरात पारसचा राजा कोरेश (सायरस) याच्या सैन्याने बाबेल घेतले. बाबेलच्या बखरीनुसार त्यासाठी शहरात लढाई करावी लागली नाही.