कारखान्याशेजारची विहीर बिघडली तर: दूषित जागेच्या तपासणीसाठी अर्ज कुठे आणि कसा करायचा

‘पाण्याला वास येतो, जनावरं तोंड लावत नाहीत, गावात आजार वाढलेत, तरी योग्य ती कारवाई व्हावी ही विनंती.’ रासायनिक कारखान्यांशेजारच्या गावांतून गेलेले जे अर्ज मी पाहिले, त्यांतले बरेचसे एवढ्यावरच संपतात. उत्तरही ठरलेलं येतं: ‘नमुना तपासला, मर्यादेत आढळला.’ अर्जदार खोटं बोलत नसतो आणि अधिकारी दरवेळी खोटं लिहितो असंही नाही. पण मर्यादा कोणती? कारखान्यातून नदीनाल्यात सोडायच्या सांडपाण्यात एकूण क्रोमियम लिटरला २ मिलिग्रॅमपर्यंत चालतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, तेच ०.०५ मिलिग्रॅम आहे. चाळीस पटींचा फरक. अर्जात ‘पिण्याच्या पाण्याच्या मानकाशी तुलना करावी’ हे एक वाक्य नसेल, तर ‘मर्यादेत’ या शब्दाला काहीच अर्थ उरत नाही.

चालू कारखान्याच्या नळीतून काय बाहेर पडतं, हे पाहणं प्रदूषण नियंत्रण मंडळाचं नेहमीचं काम. पण मालक निघून गेलाय, शेड गंजलीय आणि आवारात पुरलेला गाळ दर पावसाळ्यात झिरपतोय, अशा जागेचं काय करायचं? राजस्थानात उदयपूरजवळच्या बिछडी गावात हेच झालं. रंगद्रव्यांसाठी लागणाऱ्या एच-ॲसिड या कच्च्या मालाचं उत्पादन तिथे थोडाच काळ चाललं. कारखाना थांबला, पण सुमारे २४०० टन गाळ मागे राहिला आणि आजूबाजूच्या विहिरी नासल्या. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘ज्याने घाण केली त्याने भरावं’ हे तत्त्व तिथे ठामपणे लावलं, पण पैसे वसूल व्हायला पुढे कितीतरी वर्षं कोर्टकचेरी चालली.

जुलै २०२५ मध्ये केंद्राने पर्यावरण संरक्षण (दूषित स्थळांचे व्यवस्थापन) नियम अधिसूचित केले. जागा शोधायची कोणी, तपासायची कोणी आणि किती दिवसांत, हे त्यात लिहिलेलं आहे. त्यामुळे आता अर्ज करताना ‘योग्य ती कारवाई’ मागत बसू नका. या नियमांचं नाव घेऊन ‘ही जागा संशयित दूषित स्थळ म्हणून नोंदवावी’ असं मागा.

कोण अर्ज करू शकतं आणि कोणाकडे

त्या जागेचा त्रास होणारा कोणीही. जमीन तुमच्या नावावर असण्याची गरज नाही. संशयित जागांची यादी करून दर सहा महिन्यांनी कळवणं हे जिल्हा प्रशासनाचं काम आहे. म्हणून अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे करा आणि प्रती प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयाला आणि जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना द्या. साधा कागद चालतो. ग्रामसभेचा ठराव जोडला तर वजन पडतं, पण ठरावासाठी अडून राहू नका. काही गावांत तोच ठराव अडवला जातो, कारण कारखान्याचं कंत्राट कोणाकडे आहे हे सगळ्यांना माहीत असतं.

काही गोष्टी या नियमांच्या बाहेर आहेत: किरणोत्सारी कचरा, खाणकाम, समुद्रातली तेलगळती आणि घनकचऱ्याचे डेपो. शहराच्या कचरा डेपोचं पाणी विहिरीत येत असेल तर त्याचा रस्ता वेगळा. मात्र त्यात घातक रसायनंही मिसळली असतील आणि ती मर्यादेपलीकडे गेली असतील, तर हे नियम लागू होऊ शकतात.

अर्जाचा गाभा

आरोग्याच्या धोक्याचं मूल्यांकन करणारा तज्ज्ञ पाहतो तो एक रस्ता. रसायन कुठून निघतं, कशातून वाहतं, माणसापर्यंत कुठे पोचतं, अंगात कसं शिरतं आणि कोणाच्या. हा रस्ता कुठेही तुटला तर कागदावर धोका शून्य. कारखान्यात विषाचं पिंप उघडं पडलेलं असलं तरी.

म्हणून अर्ज याच क्रमाने लिहा. ‘बंद कारखान्याच्या पूर्वेच्या भिंतीलगत गाळ पुरलेला आहे. पावसाळ्यात तिथून ओढ्यात पिवळट पाणी येतं. ओढ्यापासून साठ पावलांवर गट क्रमांक अमुकमधली विहीर आहे. तिचं पाणी नऊ घरं पितात, त्यांत सहा वर्षांखालची अकरा मुलं आहेत. आठ वर्षांपासून पितात.’ बस. यात एकही विशेषण नाही आणि तपासणीला लागणारं जवळपास सगळं आहे.

मुलांचा आकडा का द्यायचा, तेही बघा. पाण्यात एखादं रसायन लिटरला ०.१ मिलिग्रॅम आहे असं धरा. साठ किलोचा माणूस दोन लिटर प्यायला तर त्याच्या वजनाच्या दर किलोला रोज साधारण ०.००३३ मिलिग्रॅम पडतं. पंधरा किलोचं पोर एकच लिटर प्यायलं तरी ०.००६७. निम्मं पाणी, दुप्पट मात्रा. मूल्यांकनात हाच आकडा सुरक्षित मानलेल्या मात्रेशी ताडून बघतात. मुलं असल्याचं लिहिलंच नाही, तर हिशोब मोठ्या माणसाचा होण्याची शक्यता असते.

पिण्याशिवायचे रस्ते लोक विसरतात. भाजीला तेच पाणी जातं का, मुलं त्या मातीत खेळतात का, उन्हाळ्यात तिथली धूळ घरात येते का, ओढ्यातले मासे खाल्ले जातात का. असेल ते लिहा, नसेल ते ओढूनताणून आणू नका.

नमुना

अर्ज इथे सर्वांत जास्त मार खातो. एका विहिरीचं पाणी थंड पेयाच्या बाटलीत भरून, दोन दिवस मोटारसायकलच्या डिकीत फिरवून प्रयोगशाळेत दिल्याचं मी पाहिलंय. आठशे रुपयांच्या वर खर्च झाला आणि अहवालाच्या तळाशी छापून आलं: ‘नमुना ग्राहकाने आणून दिला.’ नमुना नाकारायला समोरच्या बाजूला तेवढं वाक्य पुरलं.

प्रयोगशाळा एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यताप्राप्त निवडा, तिच्याच माणसाला नमुना घ्यायला बोलवा आणि बाटल्याही तिच्याच वापरा. धातूंसाठी प्लॅस्टिकची बाटली आणि त्यात नायट्रिक आम्ल, नाहीतर धातू बाटलीच्या भिंतीला चिकटतात आणि आकडा कमी येतो. सॉल्व्हंटसारख्या उडून जाणाऱ्या रसायनांसाठी काचेची बाटली काठोकाठ भरतात, आत हवेचा बुडबुडाही ठेवत नाहीत आणि बर्फात नेतात. विहिरीशेजारी बाटली धरलेला, तारीख-वेळ दिसणारा फोटो काढा. शक्य असेल तर कारखान्याच्या वरच्या अंगाच्या, म्हणजे त्याचं पाणी जिथे वाहत येत नाही अशा, लांबच्या एका विहिरीचाही नमुना घ्या. तो नसेल तर ‘इथल्या जमिनीतच हे असतं’ असं म्हणायला वाव राहतो.

काय तपासायचं हे प्रयोगशाळेवर सोडलं तर ती पीएच, क्षार आणि कठीणपणा काढून देईल. कारखान्यात काय बनत होतं ते आधी शोधा. माहिती अधिकारात मंडळाकडून त्याच्या संमतीपत्राची, म्हणजे कारखाना चालवायला मंडळाने दिलेल्या परवानगीची, प्रत आणि दरवर्षी ३० सप्टेंबरपर्यंत द्यायच्या पर्यावरण विवरणपत्राची, म्हणजे ‘फॉर्म पाच’ची प्रत मागा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्रात हा अर्ज एका विषयापुरता आणि दीडशे शब्दांत बसवावा लागतो, तेव्हा दोन कारखान्यांसाठी दोन अर्ज करा.

सोबत जोडायचे कागद

विहिरीचा सातबारा, मोबाइलवरून घेतलेले अक्षांश-रेखांश, हाताने काढलेला नकाशा (खरंच, हाताने काढलेला चालतो, ओढ्याची दिशा बाणाने दाखवा), पाण्याचे अहवाल, माहिती अधिकारात मिळालेली कागदपत्रं, जुन्या तक्रारींच्या प्रती. जनावर दगावलं असेल तर पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचा शवविच्छेदन अहवाल. तो जनावर मेल्या मेल्याच करून घ्यावा लागतो, पुरल्यावर काही हाती लागत नाही. आजारांबद्दल रुग्णांची नावं देऊ नका. वस्ती, वय, लक्षण आणि कधीपासून, एवढा तक्ता पुरतो.

प्रत्येक प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घ्या. टेबलावर ठेवून आलेला अर्ज हा अर्जच नव्हे.

पुढे काय

जागा कळवली गेल्यावर राज्य मंडळाने ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करायची आणि संशय टिकला तर पुढच्या तीन महिन्यांत सविस्तर सर्वेक्षण. जागा दूषित ठरली तर तसं जाहीर होतं, तिथे वावरण्यावर बंधनं येतात, तज्ज्ञ संस्था सफाईची योजना ठरवते आणि खर्च जबाबदार ठरलेल्याकडून वसूल करायचा. तो सापडला नाही किंवा त्याच्याकडे पैसे नसले, तर केंद्र आणि राज्याने सोय करायची.

या अहवालातून अमक्याचा कर्करोग याच पाण्यामुळे झाला, असं निघणार नाही. मूल्यांकन जागेचं असतं, एका माणसाच्या आजाराचं निदान त्यात होत नाही. नुकसानभरपाई हवी असेल तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचा, म्हणजे पर्यावरणाचे दावे ऐकणाऱ्या न्यायपीठाचा, दरवाजा वेगळा ठोठवावा लागतो. महाराष्ट्रासाठी त्याचं खंडपीठ पुण्यात आहे. भरपाईच्या अर्जाला पाच वर्षांची मुदत आहे, पण पर्यावरणाचा वाद म्हणून दाद मागायची असेल तर कारण घडल्यापासून फक्त सहा महिने, आणि सबळ कारण दाखवलं तर आणखी ६० दिवस. भरपाई न मागणाऱ्या अर्जाचं शुल्क १००० रुपये आहे.

हे दोन हिशोब एकमेकांवर घालून पाहा. मंडळाचे ९० दिवस आणि वरचे तीन महिने धरले तर न्यायाधिकरणाचे सहा महिने तिथेच संपतात. तेव्हा पहिला आवक शिक्का पडला त्याच दिवशी वकिलाकडे किंवा कायदेशीर मदत देणाऱ्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे एक चक्कर मारा आणि मुदतीची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.