एक पाय जमिनीवर

‘वॉकला जाऊन आलो’ म्हणताना त्या शब्दाचं मराठी करावं असं कुणाच्या मनातही येत नाही. गंमत अशी की जुन्या इंग्रजीत हा शब्द चालण्याचा नव्हताच. त्याचं मूळ क्रियापद होतं ‘वेआल्कन’, म्हणजे लोळणं, लाटांसारखं हेलकावणं. त्याच मुळातून ‘वॉकर’ हे आडनाव आलं. विणलेलं लोकरी कापड ओलं करून पायांनी तुडवलं की घट्ट होतं. हे काम करणारा तो वॉकर. चालायचा दिवसभर, पण जागच्या जागी!

शास्त्राच्या लेखी चालणं आणि धावणं यांतला फरक वेगाचा नाही. चालताना एक तरी पाय कायम जमिनीवर असतो. धावताना दोन्ही क्षणभर हवेत असतात. चालण्याच्या शर्यतीतले खेळाडू तासाला 15 किलोमीटरने जातात, तरी ते ‘चालत’च असतात. पंच नुसत्या डोळ्यांनी बघतात म्हणून बरं. संथ चित्रफितीत त्यांचे पाय अधूनमधून हवेत दिसतात.

चालताना टेकलेला पाय उलट्या लंबकासारखा काम करतो. धड त्याच्यावरून कमानीत पुढे जातं आणि त्या कमानीवर त्याला धरून ठेवतं ते गुरुत्वाकर्षण. वेग फार वाढला तर ही पकड पुरत नाही, अंग वर उचललं जातं. पायाची लांबी 90 सेंटिमीटर धरली तर ही मर्यादा सेकंदाला 3 मीटरच्या जवळपास येते. आपण त्याच्या बरेच आधी, 2 मीटरच्या आसपासच, न ठरवता धावू लागतो. ट्रेडमिलचा वेग हळूहळू वाढवून पाहा, पाय आपणहून चाल बदलतात.

चंद्रावर गुरुत्वाकर्षण एक षष्ठांश, त्यामुळे तिथे हीच मर्यादा सव्वा मीटरच्याही खाली येते. अपोलोचे अंतराळवीर टुणटुण उड्या मारत का हिंडले, याचं मोठं कारण हेच. म्हणजे ‘मूनवॉक’मध्ये वॉक कमीच. आणि ‘स्पेसवॉक’मध्ये तर पाय टेकायला काहीच नसतं. 18 मार्च 1965 रोजी सोव्हिएत अंतराळवीर अलेक्सी लिओनोव्ह माणसांत पहिल्यांदा यानाबाहेर आले, सुमारे 12 मिनिटं दोरीला बांधलेले तरंगत राहिले. पोशाख इतका फुगला की आत परतण्यासाठी त्यांना त्यातली थोडी हवा सोडावी लागली. याला चालणं म्हणायचं ते केवळ शब्दाच्या प्रेमापोटी.

खरं चालणं सापडतं भलतीकडेच, आपल्या पेशींच्या आत. कायनेसिन नावाचं प्रथिन पाठीवर माल घेऊन सूक्ष्मनलिकेवरून, म्हणजे पेशीतल्या रुळासारख्या बारीक नळीवरून, जातं. त्याला दोन ‘पाय’ असतात आणि ते आळीपाळीने पुढे पडतात. प्रत्येक पावलाला 8 नॅनोमीटर पुढे, खर्च एटीपीचा, म्हणजे पेशीच्या इंधनाचा, एक रेणू. सेकंदाला अशी शंभरेक पावलं. एक पाय पक्का टेकलेला असल्याशिवाय दुसरा सहसा सुटत नाही, नाहीतर मालासकट सगळं वाहून जाईल. चालण्याच्या शर्यतीत टेकलेल्या पायाचा गुडघा सरळ ठेवण्याचाही नियम असतो, तो तेवढा याला लावता येणार नाही, कारण गुडघाच नाही.