ताजमहाल हॉटेल, मुंबई

मुंबईत अपोलो बंदरावर समुद्रासमोर उभे असलेले ऐतिहासिक हॉटेल. सध्याचे नाव ‘द ताजमहाल पॅलेस’. उद्योगपती जमशेटजी नसरवानजी टाटा (१८३९–१९०४) यांनी ते उभारले व १६ डिसेंबर १९०३ रोजी त्याचे उद्घाटन झाले. समोरचे गेट वे ऑफ इंडिया सर्वांसाठी खुले झाले ते ४ डिसेंबर १९२४ रोजी, म्हणजे जवळजवळ एकवीस वर्षांनंतर. दोन्ही वास्तू आज एकाच चित्रात पाहण्याची सवय जडल्याने हा क्रम पुष्कळदा उलटा समजला जातो.

हॉटेल बांधण्यामागचे कारण वादग्रस्त आहे. ‘फक्त युरोपियनांसाठी’ असलेल्या वॉटसन्स हॉटेलात जमशेटजींना प्रवेश नाकारला गेला आणि त्या अपमानातून ताज उभे राहिले, ही कथा सर्वतोमुखी आहे. काही ठिकाणी वॉटसन्सऐवजी पाइक्स अपोलो हॉटेलचे नाव येते. वसाहतकालीन मुंबईत वर्णभेद होता आणि अनेक क्लबांची दारे हिंदी लोकांना बंद होती, यात शंका नाही. परंतु या विशिष्ट प्रसंगाला समकालीन कागदपत्रांचा आधार कोणी दिलेला दिसत नाही. दुसरे मत असे, की मुंबईला साजेसे हॉटेल नाही ही त्या काळच्या वृत्तपत्रांतून आणि प्रतिष्ठित वर्तुळांतून वारंवार होणारी तक्रार होती. त्यातच १८९६ मध्ये शहरात प्लेगची साथ आली, व्यापार खचला, लोक शहर सोडून गेले. मुंबईची पत पुन्हा उभी करावी, या हेतूने जमशेटजींनी अपोलो बंदराजवळची समुद्रात भर घालून केलेली जागा भाडेपट्ट्याने घेऊन बांधकामास हात घातला. कारखाने, पोलाद, विज्ञानसंस्था अशा त्यांच्या इतर योजनांचा रोख पाहता हे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. हॉटेलचा बेत ऐकून घरातल्यांनी ‘आता भटारखाना काढणार काय?’ असे विचारल्याची आठवणही सांगितली जाते.

वास्तुरचना : मूळ आराखडा रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य व डी. एन. मिर्झा यांचा. वैद्य यांनी व्हिक्टोरिया टर्मिनसचे वास्तुशिल्पज्ञ एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांच्या हाताखाली काम केले होते. बांधकाम पुरे होण्यापूर्वीच वैद्य यांचे निधन झाले आणि पुढचे काम डब्ल्यू. ए. चेंबर्स या इंग्रज अभियंत्याने तडीस नेले. घुमटाच्या अखेरच्या रूपात वैद्यांचा वाटा किती व चेंबर्सचा किती, याविषयी मतभेद आहेत. बांधकामाचा ठेका खानसाहेब सोराबजी रतनजी कॉन्ट्रॅक्टर यांच्याकडे होता. घुमटाखालचा मध्यवर्ती जिना त्यांच्याच कल्पनेतला मानला जातो. मधोमध खांबाचा टेकू न घेता हा जिना मजल्यामागून मजला वर चढतो. खालच्या पायरीवर उभे राहून मान वर केली, तर कठड्यांच्या रांगा एकावर एक रचलेल्या दिसतात आणि नजर थेट घुमटाच्या पोकळीत जाते. लोकप्रिय लेखनात चेंबर्सचे नाव ठळक आणि वैद्य, मिर्झा, सोराबजी यांची नावे ओझरती येतात, हे न्याय्य नाही.

इमारतीची शैली सामान्यतः इंडो-सारासेनिक, म्हणजे भारतीय, इस्लामी व युरोपीय वळणांचा मेळ घालणारी, म्हणून ओळखली जाते. मोठा घुमट फ्लॉरेन्सच्या प्रबोधनकालीन घुमटांची आठवण देतो, कोपऱ्यांवर छोटे घुमट आहेत, तर सज्जे व कमानी गुजराती व मूरिश वळणाच्या आहेत. घुमटासाठी ‘आयफेल टॉवरचेच पोलाद’ वापरल्याचे विधान अनेक पुस्तिकांत आढळते. ते जपूनच घ्यावयास हवे. १८८९ चा आयफेल टॉवर पोलादाचा नसून घडीव लोखंडाचा आहे. जमशेटजींनी पॅरिसहून लोखंडी खांब आणवले होते, या माहितीवरून ही समजूत पसरली असावी.

वास्तू चुकून ‘उलटी’ बांधली गेली व ते पाहून वास्तुशिल्पज्ञाने आत्महत्या केली, ही दंतकथा आराखड्याच्या अभ्यासापुढे टिकत नाही. मूळ प्रवेशद्वार समुद्राकडे नव्हते, एवढाच भाग खरा. ते पश्चिमेला, शहराच्या बाजूस होते आणि घोडागाड्या तिथेच येत. हॉटेल बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर आहे, तर मुंबईचा नित्याचा वारा पश्चिमेकडून येतो. इमारतीचे दोन्ही पंख पश्चिमेकडे पसरून मधले आवार त्या वाऱ्याला मोकळे ठेवले आहे. बंदराकडची शांत बाजू त्यामुळे खोल्यांसाठी मोकळी राहिली. विजेचे पंखे नवलाईचे होते, त्या काळातले हे शहाणपण होते. पुढे प्रवेश समुद्राच्या बाजूने सुरू झाला. जुन्या प्रवेशाच्या आवारात आता पोहण्याचा तलाव आहे.

खर्चाचा आकडा बहुधा अडीच लाख पौंड दिला जातो. पौंडाला १५ रुपये या तत्कालीन दराने तो सुमारे साडेसदतीस लाख रुपये होतो. विजेचे दिवे, अमेरिकी पंखे, जर्मन लिफ्ट, तुर्की स्नानगृहे यांबरोबर कार्बन डायऑक्साइडवर चालणारे बर्फाचे यंत्रही तिथे होते व त्याचा उपयोग काही खोल्या गार ठेवण्यासाठी होई. उद्घाटनाच्या वेळी अवघे १७ पाहुणे होते आणि घुमटाचे काम अपुरे होते, असे सांगतात. पाच महिन्यांनी, १९ मे १९०४ रोजी, जमशेटजींचे जर्मनीत निधन झाले. कारभार इंडियन हॉटेल्स कंपनीकडे राहिला.

पहिल्या महायुद्धात येथे ६०० खाटांचे रुग्णालय होते. नंतरच्या काळात संस्थानिक, व्यापारी व राजकीय पुढारी यांचे हे भेटीचे ठिकाण बनले. सरोजिनी नायडू यांचा येथे बराच काळ मुक्काम असे. संगीताच्या इतिहासातही ताजला स्थान आहे. १९३० नंतरच्या दशकात लिऑन ॲबी व टेडी वेदरफोर्ड या आफ्रिकी-अमेरिकी वादकांनी येथे जॅझ वाजवला, तर १९३९ ते १९६० या काळात मिकी कोरिया यांचा वाद्यवृंद होता. गोव्याच्या वादकांची एक पिढी या वाद्यवृंदांत तयार झाली आणि त्यांतील अनेक जण हिंदी चित्रपटसंगीताकडे वळले. शेजारच्या ग्रीन्स हॉटेलच्या जागी १९७२–७३ च्या सुमारास ‘ताज टॉवर’ ही उंच इमारत झाली.

२६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईवर झालेल्या दहशतवादी हल्ल्यात ताज हे एक प्रमुख लक्ष्य होते. २९ नोव्हेंबरच्या सकाळपर्यंत चाललेल्या या हल्ल्यात हॉटेलात किमान ३१ जणांचा बळी गेला. जुन्या इमारतीचे वरचे मजले जळाले. पाहुण्यांना बाहेर काढताना अनेक कर्मचाऱ्यांनी प्राण गमावले, याची नोंद कोणत्याही वास्तुवर्णनापेक्षा आधी व्हायला हवी. टॉवरचा भाग २१ डिसेंबर २००८ रोजी व जुनी इमारत दुरुस्तीनंतर १५ ऑगस्ट २०१० रोजी पुन्हा सुरू झाली. २०१७ मध्ये इमारतीच्या बाह्यरूपाची व्यापारचिन्ह म्हणून नोंदणी झाली. भारतात एखाद्या वास्तूला असे संरक्षण मिळण्याची ही पहिलीच वेळ होती.