विमानाचं अंतर आणि विमानाची वेळ, दोन्हीची गल्लत करू नका

मुंबईकराला अंतर विचारलं की तो मिनिटं सांगतो. दादर ते ठाणे किती लांब? फास्टने पंचवीस मिनिटं. किलोमीटर कोणाला माहितीयत! आमचे काका मात्र विमानाच्या बाबतीत उलटं करतात, गूगलवर किलोमीटर बघायचे, ताशी ८०० ने भागायचे आणि मग "गोव्याला अर्धा तास पुरतो, तिकिटावर सव्वा तास कसला लिहिलाय" म्हणून बसायचं वाद घालत.

काकांचा भागाकार बरोबर आहे हो, मुंबई ते गोव्यातला दाबोळी विमानतळ साधारण ४२५ किलोमीटरच आहे. पण हे अंतर म्हणजे पृथ्वीच्या गोलाईवरून काढलेली सगळ्यात छोटी रेघ, आणि त्या रेघेवरून विमान तंतोतंत कधीच जात नाही. गोवा दक्षिणेला, पण आपला मेन रनवे पूर्व-पश्चिम, त्यामुळे बहुतेक वेळा आधी जुहूच्या समुद्रावर जायचं आणि मग वळायचं. ८०० चा स्पीडसुद्धा वर गेल्यावरचा, गोव्याला तर नीट वर जाईपर्यंत खाली उतरायची तयारी सुरू.

तिकिटावरची वेळ ही वेगळीच भानगड आहे. तिला ब्लॉक टाइम म्हणतात, चाकांना लावलेले ठोकळे काढल्यापासून परत लावेपर्यंतचा वेळ. म्हणजे गेटवरून मागे ढकलणं, रनवेपर्यंत रांगत जाणं, रांगेत उभं राहणं, उतरल्यावर परत गेटपर्यंत जाणं, सगळं त्यात आलं. मुंबईत तर दोन रनवे एकमेकांना छेदतात, त्यामुळे दोन असून एका वेळी एकच वापरता येतो, मग रांग लागणारच, आणि येणारी विमानं कधीकधी वर घिरट्या घालत बसतात.

आता अंतर तेच असून वेळ बदलते ते बघा. मुंबई-कोलकाता जाताना कमी वेळ, येताना जास्त, हिवाळ्यात तर फरक चांगलाच जाणवतो, कारण वर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा असतो, जाताना तो ढकलतो आणि येताना आडवा येतो. लंडनला जाताना परतीपेक्षा जास्त वेळ लागतो तेही याचमुळे.

दुबईला तर काकांची पार दांडी उडाली. सकाळी १० ला निघून पावणेबाराला पोचलं, म्हणजे पावणेदोन तास! अहो, तिकडचं घड्याळ दीड तास मागे आहे, तिकिटावर दोन्ही वेळा ज्या त्या गावच्या असतात, खरा वेळ सव्वातीन तास. येताना दुपारी १ ला निघून साडेपाचला उतरले तेव्हा म्हणे पायलटने उगाच फिरवलं.